वाचकांचे प्रश्न: ‘पगारात ओव्हरटाइम धरलेला आहे’ असं पत्रात असेल तर?

प्रश्न : गोव्यात वेर्ण्यातल्या कारखान्यात मी मशीन ऑपरेटर आहे. नेमणूकपत्रात लिहिलंय, ‘एकूण पगार दरमहा 20,800 रुपये, गरजेनुसार जादा वेळ थांबावे लागेल, त्याचा मोबदला पगारात समाविष्ट आहे.’ सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा ड्युटी, मध्ये अर्धा तास जेवण. पत्रावर सही केली आहे. आता काही मागता येतं का?

उत्तर : येतं. सही केली म्हणून हक्क जात नाही. वेतन संहितेचं (पगाराबद्दलचा नवा केंद्रीय कायदा) कलम 60 सांगतं की कायद्याने मिळणारी रक्कम सोडून देण्याचा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. कामाचा दिवस आठ तासांचा. जेवणाची सुट्टी वजा करून तुमचे दहा तास भरतात, म्हणजे रोज दोन तास जादा. त्याचा दर किमान दुप्पट, आणि कामगाराला जादा वेळ थांबवून घ्यायला त्याची संमतीही लागते.

दुप्पट, पण कशाच्या? गोम इथेच आहे. पगाराची फोड पाहा. समजा बेसिक 8,320, घरभाडे 6,240, प्रवासभत्ता 2,080 आणि ‘स्पेशल अलाउन्स’ 4,160 आहे. जादा पैसे देणाऱ्या कंपन्याही बहुधा नुसतं बेसिक धरतात : 8,320 भागिले 26 दिवस, भागिले 8 तास, म्हणजे तासाला 40 आणि दुप्पट 80. घरभाडे आणि प्रवासभत्ता वेतनाबाहेर ठेवता येतात, पण कायद्यातल्या वगळायच्या यादीत ‘स्पेशल अलाउन्स’ हे नाव नाही. कामासाठी होणारा एखादा खास खर्च भरून देण्यासाठी तो नसेल, तर वेतनातच धरावा लागतो. मग 12,480 वरून तासाला 60, दुप्पट 120. महिन्याच्या 52 जादा तासांचे 6,240 रुपये होतात, तर नुसत्या बेसिकवर 4,160.

बेसिक मुद्दाम अगदी कमी दाखवलं असेल तर आणखी एक नियम आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, की निम्म्यापेक्षा जास्त झालेली रक्कम वेतनातच धरायची.

वेतन संहिता आणि तिच्यासोबतच्या इतर कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहेत. त्याआधीच्या कामाला जुना कारखाना कायदा लागतो. दर तिथेही दुप्पटच, पण भत्ते मोजायची व्याख्या वेगळी, म्हणून दोन्ही काळांचे हिशेब वेगवेगळ्या कागदांवर मांडा.

आधी कंपनीला लेखी विचारा, ईमेलने विचारलेलं बरं. सोबत तारीखवार तक्ता द्या : आत येण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ, जेवण, जादा तास. पंचिंग मशीनच्या नोंदीची प्रत मागा; मिळाली नाही तर शिफ्टचे मेसेज, गेटपास, पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. ‘महिनाभर रोज जास्त थांबलो’ एवढ्या मोघम अर्जावर बहुतेक दावे अडकतात. उत्तर आलं नाही तर पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात मजूर आयुक्तांचं कार्यालय आहे. वेतन संहितेखालच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची.

प्रश्न : कळंगुटच्या हॉटेलात माझं पद ‘ड्युटी मॅनेजर’. मॅनेजरला ओव्हरटाइम नसतो म्हणतात.

उत्तर : छातीवरच्या बिल्ल्यावर हे ठरत नाही, हातातल्या कामावर ठरतं. रजा मंजूर करणं, रोस्टर ठरवणं, कुणाला कामावर घ्यायचं ते सांगणं हे खरोखर तुमच्या हातात असेल तर कंपनीचं म्हणणं टिकेल. दिवसभर पाहुण्यांचं चेक-इन, बिलं आणि चाव्या हेच काम असेल तर तुम्ही कामगार. देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी मर्यादा 18,000 रुपये वेतनाची आहे. त्यावर वेतन असेल तर ते ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर जातात. सीझनमध्ये रोज काय केलं याची वहीत दोन ओळींची नोंद ठेवा, पुढे वाद झालाच तर तीच दाखवता येते.

प्रश्न : ओव्हरटाइमऐवजी ‘कॉम्प-ऑफ’, म्हणजे बदली सुट्टी देतात. चालतं का?

उत्तर : आठवड्याची सुट्टी बुडाली तर तिच्या बदल्यात सुट्टी. रोजच्या जादा तासांचे मात्र पैसेच.

प्रश्न : ऑफर लेटरमध्ये सीटीसी तीन लाख. हातात किती येतील?

उत्तर : सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणून महिन्याला 25,000 धरून बसू नका. बेसिक 12,500 असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,500 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 601 त्यातच धरलेली असते. उरले 22,899, तुमच्या वाट्याचा पीएफ 1,500 गेला की 21,399. ‘व्हेरिएबल’ किंवा ‘कामगिरीनुसार’ अशी ओळ असेल तर तीही वजा करून पाहा. आणि सही करण्याआधी एचआरकडून पगाराची फोड लेखी घ्या, फोनवरची नको.