शकात अठ्ठ्याहत्तर मिळवण्याआधी

ताई, तुमची पोस्ट वाचता वाचता माझा चहा गार झाला. ऐतिहासिक मालिकेची संहिता रात्री अकराला व्हॉट्सॲपवर येते, सकाळी नऊला शूटिंग, दुरुस्ती कळवली की "बघू या मॅडम", आणि श्रेयनामावलीत 'इतिहास सल्लागार' म्हणून नाव मात्र ठळक. सहा वर्षांपूर्वी मी हेच भोगलंय. नाव काढून घ्यावं की भांडत राहावं, असं तुम्ही विचारलंय. माझी काय फजिती झाली ते सांगतो, त्यातून तुमचं तुम्ही ठरवा.

बखर किती धरायची, अस्सल पत्र कशाला म्हणायचं, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही मोडी वाचता हे पोस्टवरून दिसतंच आहे. मी सोलापुरात शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. मालिकेचं आणि वाहिनीचं नाव घेत नाही. विषय होता संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई आणि मुलगा शाहू महाराज यांची मोगली कैद. मला बोलावलं कारण १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी आपल्या ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी होती, आणि शेजारच्या माचणूरच्या किल्ल्यावर मी पोरांच्या एवढ्या सहली नेल्यात की तिथल्या पायऱ्या झोपेतही उतरीन. (जायचं असेल तर सकाळी लवकर जा. दहानंतर दगड तापतो.)

पहिला महिना मी वस्तूंवरून भांडलो. येसूबाईंच्या तंबूत पलंगावर काय, तर सोलापुरी चादर! बरं, चादर उलटी तरी टाकावी. किनारीत विणलेलं कारखान्याचं नाव थेट कॅमेऱ्याकडं तोंड करून. असली नक्षी ज्यावर विणतात तो जॅकार्डचा माग फ्रान्समध्ये निघाला तोच १८०४ च्या सुमारास, आपल्या गावातली पहिली गिरणी १८७७ ची. कला विभागातला पोरगा म्हणतो, "सर, लोकल टच." मग जेवणाचं ताट. भाकरीला माझी हरकत नव्हती, ज्वारी आपली जुनीच. पण बाजूला वाटीत शेंगाचटणी! शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेतला. मिरचीवरूनही मी वाद घातला असता, पण ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकातच आली होती, म्हणून गप्प बसलो. चादर काढली, वाटी काढली. मला वाटलं, चला, आपलं ऐकतात. ताठ झालो.

आता मुख्य चूक. ती माझी, त्यांची नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं मी एका कार्यालयावर तोंडसुख घेणार आहे.

त्यांनी माझ्याकडं तारखांचा तक्ता मागितला. कोणता प्रसंग कधी, म्हणजे पडद्यावर पाटी टाकता येईल. मी शके (म्हणजे शालिवाहन शकाचं वर्ष), महिना, तिथी असं वहीत काढलं होतं. नेमकं तेव्हाच लेखकाला एका पत्राचा मायना आणि शिक्क्यावरचा मजकूर जसाच्या तसा हवा होता. ती नक्कल एका सरकारी कार्यालयात मिळेल असं कळलं. कुठलं ते विचारू नका. चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला, अर्ज दोन प्रतींत हवा. दुसऱ्या खेपेला, संस्थेचं पत्र हवं, तुम्ही खासगी व्यक्ती आहात. तिसऱ्या खेपेला पत्र नेलं तर म्हणे, "टीव्हीसाठी आहे का? मग वेगळी परवानगी." चौथ्या खेपेला सही करणारे साहेब रजेवर, आणि त्यांचा चार्ज कुणाकडं आहे हे त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नाही. टेबलावरचा माणूस मला खुर्ची सरकवून सांगतो, "काका, इथं कागद बघायला कोण येतंय आता?" अहो, मी आलोय की! मालिका संपून वर्ष झाल्यावर उत्तर आलं: आपला अर्ज विहित नमुन्यात नाही. ते पत्र मी जपून ठेवलंय.

या खेपांत माझे तीन आठवडे गेले आणि तक्ता राहिला. निर्मितीवाले रोज फोन करणार. शेवटी भाच्याला वही दिली, म्हटलं कॉम्प्युटरवर उतरव. त्यानं विचारलं, "मामा, शकाचं इसवी सन कसं करायचं?" आणि मी एसटी स्टँडवर उभ्या उभ्या, बसच्या गोंगाटात, सांगितलं: "अठ्ठ्याहत्तर मिळव."

त्यानं मिळवले. एक्सेलमध्ये सूत्र लावलं आणि खालपर्यंत ओढत नेलं.

तुमच्या लक्षात आलंच असेल. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. त्यात पौष महिना दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा, त्यातल्या काही तिथी डिसेंबरात आणि काही जानेवारीत. सूत्र बरोबर आहे का ते बघायला एका मिनिटाचं काम होतं: शिवजन्माची तिथी घालायची. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. उत्तर १६३० आलं तर ठीक, १६२९ आलं तर सूत्र फेकून द्यायचं. नाही तर संभाजीराजांच्या हत्येची, शके १६१०, फाल्गुन अमावास्या, १६८९ यायला हवं. ही तारखांची जोडी मी तीस वर्षं फळ्यावर लिहिली. तपासायला मात्र एकदाही घेतली नाही. तक्ता आला, वरच्या पाच-सहा ओळी बघितल्या, त्या आषाढ-श्रावणाच्या होत्या, बरोबर होत्या. "छान" असं लिहून पुढं पाठवून दिला.

पहिला भाग सुरू झाला तो शाहू महाराजांच्या राज्याभिषेकानं. शंख, अभिषेकाचं पाणी, आणि पडद्यावर सोनेरी अक्षरांत: "सातारा, जानेवारी १७०७". महिना वहीत मीच लिहिला होता, वर्ष सूत्रानं दिलं. खरा तो जानेवारी १७०८, शके १६२९ चा पौष. वर्षाचीच तर चूक, असं कुणी म्हणेल. पण औरंगजेब अहमदनगरला मेला तो ३ मार्च १७०७ ला. शाहू महाराज सुटले त्यानंतर. म्हणजे आमच्या मालिकेत बादशहा जिवंत, महाराज त्याच्या कैदेत, आणि त्याच वेळी साताऱ्याला त्यांच्या डोक्यावर छत्र!

रात्री साडेनऊला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. "सर, एक विचारू का?" त्याच्या आवाजावरूनच मला कळलं. सकाळपर्यंत तो तुकडा गावभर फिरला, माझ्या नावाभोवती लाल गोल काढून. मानधनाचा दुसरा हप्ता 'पाटी बदलण्याच्या खर्चापोटी' कापला. ज्या व्याख्यानमालेत मी दरवर्षी बोलायचो तिथं अध्यक्षांनी ओळख करून देताना "सरांचा काळाच्या पुढं एक वर्ष… माफ करा, मागं एक वर्ष" असा विनोद केला. लोक हसले. मीही हसलो, काय करता.

पण सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच. त्यानंतर माझ्या शब्दाला काडीची किंमत राहिली नाही. मालिकेच्या शेवटी गोष्ट पुन्हा त्याच राज्याभिषेकाकडं आली, तेव्हा लेखकानं येसूबाईंना हातात निरांजन देऊन मुलाला ओवाळताना दाखवलं. मी फोन केला. म्हटलं, अहो, त्या तेव्हा मोगलांच्याच ताब्यात होत्या. पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले, तेव्हा कुठं १७१९ ला त्या साताऱ्याला परतल्या. १६८९ मध्ये रायगड पडल्यापासून धरा, तीस वर्षांला थोडीच कमी. मुलगा छत्रपती झाला आणि आई ते बघायला नाही, याहून मोठा प्रसंग तुम्ही लिहून दाखवा! पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "सर, तक्ता पण तुमचाच होता ना?"

ओवाळलं. टीआरपी चांगला आला म्हणे.

म्हणून माझं मत असं, आणि हे फक्त माझं मत आहे, दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असेल: दागिने, पैठणी, पगडीचा कोन यांवर तुमचा श्वास घालवू नका. लोक त्यावरूनच ओरडतात हे खरं, पण संवाद तर सगळेच रचलेले असतात, तिथं आपण काही बोलतो का? तुमचं वजन तीनच गोष्टींसाठी राखून ठेवा. त्या दिवशी कोण जिवंत होतं, कोण कुठं होतं, आणि पडद्यावर वर्ष काय लिहिलंय. या तिन्ही ठिकाणी चूक झाली तर मान्यच करू नका. बाकी "मला पटत नाही" एवढं मेलवर लिहा आणि सोडून द्या. फोनवर काही बोलू नका. फोनवर बोललेलं त्यांना हवं तेव्हा आठवतं, नको तेव्हा आठवत नाही.

नावाचं म्हणाल तर, पक्कं झालेलं संकलन बघितल्याशिवाय त्या भागावर नाव जाणार नाही, असं लेखी घ्या. देणार नसतील तर नाव काढा, मानधन सोडावं लागलं तरी. मी वकील नाही, तुमच्या करारात काय आहे तेही मला माहीत नाही, तेव्हा कुणाला तरी दाखवून घ्या.

आणि तारखा जंत्रीवरूनच, म्हणजे तिथी-तारखांच्या तयार कोष्टकावरूनच काढा, बेरजेवरून नको. जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन असेल तर जूनच्या सुमारास, मृगाला, वर्ष बदलतं, तिथं मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. हिजरी तर चांद्र वर्ष, ३५४ दिवसांचं, तिथं बेरीज चालतच नाही. इंग्रजांचे कागद वापरत असाल तर १७५२ पर्यंत त्यांचं कॅलेंडर जुनं (ज्युलियन), सतराव्या शतकात दहा दिवस मागं, तर पोर्तुगीज १५८२ पासून नव्यावर (ग्रेगोरियन, आज आपण वापरतो ते). एकच लढाई सुरतेच्या कागदात एका तारखेला आणि गोव्याच्या कागदात दुसऱ्या, तरी दोन्ही बरोबर.

तुमचा तक्ता तयार असेल तर इथंच निरोपातून पाठवा, बघून देतो. मार्गशीर्ष ते फाल्गुनाच्या ओळी आधी पाठवा, बाकीच्या सावकाश. फक्त दुपारी दोन ते चार उत्तराची वाट बघू नका, तेव्हा मी झोपलेला असतो.