देव प्रकाश आहे, तर मोशे अंधारात कोणाजवळ गेला?

आपण विचारले आहे की बायबलच्या नव्या करारातील योहानाच्या पहिल्या पत्रात देव प्रकाश आहे आणि त्याच्या ठायी मुळीच अंधार नाही असे म्हटलेले असताना, जुन्या करारातील निर्गम या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात मात्र देव जेथे होता त्या निबिड अंधकाराजवळ इस्राएलांचा पुढारी मोशे गेला, असे कसे लिहिलेले आहे. प्रार्थनेला बसल्यावर ज्याला नुसता अंधारच जाणवतो त्याच्यापासून देव दूर गेला असे समजावे काय, असेही आपण शेवटी विचारले आहे. दुसरा प्रश्न पहिल्यावर अवलंबून असल्यामुळे पहिल्याकडे जरा सविस्तर वळतो.

या विसंगतीची बोळवण बहुधा 'जुना करार वेगळा, नवा वेगळा' एवढे म्हणून केली जाते. मला ते पटत नाही, कारण दोन्ही प्रतिमा दोन्ही करारांत आहेत. सत्ताविसाव्या स्तोत्रात परमेश्वर हा भक्ताचा प्रकाश आहे, एकशेचाराव्या स्तोत्रात तो प्रकाश वस्त्रासारखा पांघरतो, आणि अठराव्या स्तोत्रात तोच परमेश्वर अंधाराला आपले आच्छादन करतो. उलट तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव अगम्य प्रकाशात राहतो, त्याला कोणी पाहिलेले नाही आणि कोणी पाहूही शकत नाही, असे विधान येते. ज्या प्रकाशाजवळ जाता येत नाही आणि ज्यात काही दिसत नाही, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांना अंधारापेक्षा फारसा वेगळा कसा वाटणार?

माझ्या मते येथे अंधार हा एकच शब्द दोन वेगळी कामे करतो, आणि ती वेगळी न केल्यामुळे घोटाळा होतो. पहिला अंधार माणसाचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम हा धर्मपुढारी येशूकडे रात्री येतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूचा विश्वासघात करणारा यहूदा घास घेऊन बाहेर पडतो आणि लेखक तेथे फक्त एवढेच नोंदवतो, की तेव्हा रात्र होती. त्याच शुभवर्तमानात, आपली कृत्ये दुष्ट असल्यामुळे माणसांनी प्रकाशापेक्षा अंधाराची आवड धरली, असेही म्हटले आहे. पत्रातील ज्या वाक्यापासून आपण सुरुवात केली त्याच्या लगेच पुढचे वचन वाचून पाहावे: त्याच्याशी आपली सहभागिता आहे असे म्हणत आपण अंधारात चाललो तर आपण खोटे बोलतो. म्हणजे देव माणसाला दिसतो की नाही हा त्या उताऱ्याचा विषयच नाही. त्याच्यात कपट नाही आणि त्याच्या नावाने कपट चालणार नाही, हा आहे.

दुसरा अंधार सीनाय पर्वतावरचा. मेघगर्जना, विजा, धूर आणि कर्ण्याचा आवाज यांनी घाबरून लोक दूर उभे राहतात आणि एकटा मोशे पुढे जातो. मूळ हिब्रू शब्द 'अराफेल' असा आहे. दाट ढगाची काळोखी असा त्याचा साधारण अर्थ. यरुशलेमच्या मंदिराच्या समर्पणाच्या वेळी ते बांधणाऱ्या शलमोन राजाच्या तोंडी हाच शब्द येतो: आपण निबिड अंधकारात राहू असे परमेश्वराने म्हटले आहे. त्या मंदिराची रचनाही याला धरूनच आहे. अंगणात उघडे ऊन, आतल्या पवित्रस्थानात दीपवृक्षांचा उजेड, आणि त्याहून आत, वीस हात लांब, वीस हात रुंद आणि तितक्याच उंच अशा परमपवित्रस्थानात दिवा ठेवल्याचा उल्लेखच नाही. जितके आत जावे तितका उजेड कमी. एरवी माणूस बांधताना याच्या उलट करतो. ज्याचे महत्त्व जास्त, त्याच्यावर दिवे जास्त.

येथे एक कबुली दिली पाहिजे. हा अंधार म्हणजे अतितेजामुळे दिपलेल्या डोळ्यांचा अनुभव आहे, असे निर्गमाचा लेखक कोठेही म्हणत नाही. त्याच्या दृष्टीने ढग हे आच्छादन आहे, आणि ते माणसाच्या बचावासाठी आहे, कारण तेहेतिसाव्या अध्यायात, मला पाहून कोणी जिवंत राहणार नाही, असे देवच मोशेला सांगतो. अतितेजाचा अर्थ पुढच्या वाचकांनी लावला. त्याला शास्त्रात आधार मात्र आहे: दिमिष्काच्या वाटेवर भर दुपारी शौलाभोवती, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रेषिताभोवती, सूर्यापेक्षा प्रखर प्रकाश चमकला आणि त्यानंतर तीन दिवस त्याला काहीच दिसले नाही.

हा अर्थ चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने सर्वांत नेटकेपणे मांडला. मोशेच्या चरित्रावरील त्याच्या विवेचनात तीन टप्पे आहेत. आधी जळत्या झुडपातील प्रकाश, मग ढग, आणि शेवटी अंधार. साधक अज्ञानातून निघून प्रकाशात येतो हे तर कोणीही सांगेल. ग्रेगरी म्हणतो की त्याच वाटेने आणखी पुढे गेल्यावर तो अंधारात शिरतो, कारण ज्याला तो शोधतो आहे ते सर्व जाणिवेच्या पलीकडचे आहे, आणि हे न पाहणे हेच तेथले पाहणे आहे. याला काव्यमय गूढवाद समजण्याची घाई करू नये. ग्रेगरीचा प्रतिपक्षी युनोमियस असा दावा करीत होता की देवाच्या तत्त्वाचे नेमके लक्षण माणसाला शब्दांत सांगता येते. ग्रेगरीचा अंधार हे त्या दाव्याला दिलेले उत्तर आहे, आणि ते खंडन म्हणून वाचले तरच त्याची धार कळते.

पुढे इ. स. ५००च्या सुमारास एका अज्ञात लेखकाने दियोनुस्य हे नाव घेऊन हाच विचार टोकाला नेला. प्रेषितांच्या कृत्यांत अथेन्समध्ये पौलाचे ऐकून विश्वास ठेवणाऱ्याचे हे नाव असल्यामुळे जवळजवळ हजार वर्षे त्याचे लेखन पौलाच्या शिष्याचे मानले गेले आणि त्याला तसे वजनही मिळाले. देव अंधार आहे असे तो म्हणत नाही, आणि देव प्रकाश आहे यावरही थांबत नाही. तो दोन्ही शब्द ओलांडतो आणि मग 'दैवी अंधाराचा किरण' अशी, ऐकताच अडखळायला लावणारी शब्दयोजना करतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञाने हेच अधिक जमिनीवर आणले. सूर्य सर्वांत जास्त दृश्य आहे, पण वटवाघळाला तो दिसत नाही आणि त्याचे कारण उजेडाचा अभाव नसून अतिरेक हे आहे, हा त्याचा दाखला आहे. मूळ कल्पना ॲरिस्टॉटलची; थॉमसने ती देवाच्या ज्ञानाला लावली.

अंधाराला इतके मोठे स्थान दिले तर तो देवाच्या बरोबरीचा होणार नाही काय, अशी शंका येईल. ती फार जुनी आहे. मनी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथाचे लोक प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे मानीत, आणि पुढे बिशप झालेला ऑगस्टीन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे त्यांच्यात होता. बाहेर पडल्यावर त्याने वाईटाला स्वतंत्र अस्तित्वच नाकारले. वाईट म्हणजे चांगल्याची उणीव, जसा अंधार ही उजेडाची उणीव. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही अंधाराशी लढाई नाही. देव प्रकाशाला चांगला म्हणतो, अंधाराला त्यापासून वेगळे करतो आणि त्याला रात्र असे नाव देतो.

पूर्वेकडील परंपरेने मात्र प्रकाशाची बाजू सोडली नाही. चौदाव्या शतकात आथोस पर्वतावरील संन्यासी आपल्याला प्रार्थनेत प्रकाश दिसतो असे सांगत, तेव्हा बार्लाम या विद्वान संन्याशाने त्यांची चेष्टा केली. आथोसच्याच संन्याशांपैकी ग्रेगरी पालामासने उत्तर दिले की रूपांतराच्या वेळी, म्हणजे डोंगरावर ख्रिस्ताचे रूप तेजोमय झाले तेव्हा, शिष्यांनी पाहिलेला तो अनिर्मित प्रकाश आहे. देवाचे तत्त्व अज्ञेय राहते, पण त्याची शक्ती माणसाला प्रत्यक्ष भेटते. १३५१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने हे मान्य केले. वरवर पाहता हे दियोनुस्याच्या विरुद्ध वाटते, पण पालामास त्याचाच आधार घेतो. मला स्वतःला हा वाद ग्रंथांपेक्षा एका चित्रामुळे कळला. सीनायच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरीनच्या मठात सहाव्या शतकातील रूपांतराचे मोझेइक आहे. शुभ्र वस्त्रांतील ख्रिस्ताभोवती निळ्या रंगाचे लंबवर्तुळ आहे आणि त्याचे पट्टे बाहेरून आत येताना फिके होत नाहीत, गडद होत जातात. त्याच्या देहातून निघणारे किरण त्या गडद पट्ट्यांना छेदून बाहेर पडतात.

उपासनेतही ही जोडी आहे. पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवलेले असतात. बाहेर पेटवलेल्या नव्या अग्नीवर पास्काची, म्हणजे या सणाची, मोठी मेणबत्ती लावून ती आत आणतात, तीन वेळा थांबून 'ख्रिस्ताचा प्रकाश' असे गातात, आणि लोक एकमेकांच्या मेणबत्तीवरून आपली मेणबत्ती पेटवतात. मी पहिल्यांदा त्या विधीला उभा होतो तेव्हा शेजाऱ्याची ज्योत माझ्यापर्यंत येईतो स्वतःचा हातही नीट दिसत नव्हता. त्यानंतर जे स्तोत्र गातात ते प्रकाशाचे असेल अशी माझी अपेक्षा होती. ते बरेचसे रात्रीचे निघाले. 'हीच ती रात्र' असे त्यात पुन्हा पुन्हा येते, रात्रीला धन्य म्हटलेले आहे, आणि रात्र दिवसासारखी प्रकाशेल हे एकशेएकोणचाळिसाव्या स्तोत्राचे वचनही त्यात गुंफलेले आहे. मेणबत्तीसाठी मेण तयार करणाऱ्या मधमाश्यांचाही त्यात उल्लेख आहे, हे जाता जाता.

आता आपला दुसरा प्रश्न. त्याचे सर्वांत काटेकोर उत्तर सोळाव्या शतकातील कार्मेल या संन्यासी संघातला स्पॅनिश संन्यासी, क्रूसाचा संत योहान, याने दिले आहे. तो त्या संघाच्या सुधारणेसाठी झटत होता. १५७७च्या डिसेंबरापासून पुढच्या ऑगस्टपर्यंत त्याच्याच संघातील सुधारणाविरोधकांनी त्याला टोलेडो येथे एका अरुंद कोठडीत डांबले होते. तेथून निसटल्यानंतर त्याने 'अंधारी रात्र' या कवितेवर भाष्य लिहिले. आजकाल कोणत्याही खिन्नतेला हे नाव देतात, ते चूक आहे. योहान स्वतः तीन खुणा सांगतो आणि तिन्ही एकत्र असाव्यात असे बजावतो. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगातील इतर कशातही वाटत नाही. आपण देवाची सेवा करीत नाही, मागे पडत आहोत, ही काळजी मनाला सतत लागलेली असते. आणि पूर्वीसारखे कल्पनेच्या आधाराने मनन करणे कितीही प्रयत्न केला तरी जमत नाही. इतरत्र गोडी टिकून असेल तर तो ढिलाई ओळखायला सांगतो, आणि निव्वळ विषण्ण प्रकृती असेल तर तो भाग वेगळा, हेही तो नोंदवतो.

तेव्हा आपण ज्या व्यक्तीचा विचार करून हे विचारले असेल तिच्याबाबतीत पहिल्यांदा दुसरी खूण पाहावी. ज्याला देव दूर गेल्याची खंत आहे त्याला योहान पाठ फिरवलेला समजत नाही. अशा माणसाने मननाचा हट्ट सोडावा आणि शांतपणे, काही न करता, लक्ष देवाकडे ठेवून बसावे, एवढेच तो सुचवतो. खिन्नता मात्र प्रार्थनेबाहेरही पसरली असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवणे टाळू नये.