इन्स्ट्रक्टरची पोस्टिंग आली म्हणून हिरमुसू नकोस

लष्करातल्या तंत्रज्ञाला वर्कशॉपमधून उचलून थेट वर्गात शिकवायला बसवलं की राग येतोच. मलाही आला होता. पण ही दोन-तीन वर्षं पुढे सगळ्यात जास्त कामाला येतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना घडवायला टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) या प्रशिक्षण कार्यक्रमाची चार पायऱ्यांची पद्धत वापरली गेली: शिकणाऱ्याला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. नवा इन्स्ट्रक्टर दुसऱ्या पायरीवरच रमतो, कारण तिथे आपली हुशारी दिसते! तू तिसरीला वेळ दे. जनरेटरमध्ये मुद्दाम साधा दोष ठेव आणि पोरांना शोधू दे. हात शिवशिवतील, तरी पाना उचलू नकोस. जिवाला धोका दिसला तर मात्र तिथल्या तिथे थांबव.

आणि आजपासून एक वही ठेव. किती जणांना शिकवलं, किती तास, अभ्यासक्रमात काय बदललं, त्याने काय फरक पडला. गोपनीय काही लिहू नकोस. बाहेर मुलाखत घेणाऱ्याला हुद्दे आणि लष्करी संक्षेप कळत नाहीत, हे आकडे कळतात. अभ्यासक्रम आखायचं 'अ‍ॅडी' प्रारूप (विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन) १९७५ मध्ये अमेरिकी लष्करासाठीच घडलं. आज कंपन्यांचे ट्रेनिंग विभागही ते वापरतात. तांत्रिक लेखन, सिम्युलेटर, फील्ड सर्व्हिस, गुणवत्ता तपासणी, सगळीकडे शिकवण्याचा अनुभव असलेला माणूस चालतो.

फक्त तुझ्या कामासाठी बाहेर लागणाऱ्या नागरी परवान्याची परीक्षा नोकरीत असतानाच दे. लष्करी कोर्स तिथे आपोआप धरला जाईलच असं नाही. मी ते निवृत्तीनंतरवर ढकललं आणि वर्षभर घरी बसलो.