व्हिसाचं सहावं वर्ष आणि ग्रीनकार्डची फाईल

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, सध्या डॅलसजवळ आयर्विंगला असतो. माझा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, १ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला. तीन वर्षांनी एक्स्टेंशन मिळालं, ते ३० सप्टेंबर २०२७ला संपतं. ग्रीनकार्डचं विचारलं की एचआर म्हणते, "पुढच्या वर्षी बघू, अजून भरपूर वेळ आहे." पर्मचा (त्या जागेसाठी अमेरिकेतला माणूस मिळत नाही, या कामगार खात्याच्या दाखल्याचा) खर्च मी करावा असंही एकदा सुचवून झालं. मित्र म्हणतो, कंपनीच बदल. बायको पुण्यात आर्किटेक्ट होती, इथे एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, घरी बसून आहे. सहा वर्षं झाली की खरंच परत जावं लागेल का?
— एक वाचक, आयर्विंग, टेक्सास

उत्तर : भरपूर वेळ अजिबात नाही. एचआरचं ते वाक्य वाचलं आणि तुमचं पत्र मी आलेल्या सगळ्या पत्रांत वर घेतलं. इथल्या इमिग्रेशन वकिलांच्या कचेरीत मी फायली तयार करण्याचं काम करते. हेच वाक्य ऐकून निर्धास्त राहिलेली माणसं सहाव्या वर्षाच्या शेवटी आमच्याकडे येतात, आणि तेव्हा त्यांच्यासाठी करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

एच-१बीची मर्यादा सहा वर्षांची. ग्रीनकार्डचं काम चालू असेल तर त्यापुढे राहण्याची सोय २०००च्या कायद्याने केली आहे. आय-१४० (पर्मनंतर कंपनीने तुमच्यासाठी करायचा ग्रीनकार्डचा अर्ज) मंजूर असेल आणि देशाच्या कोट्यामुळे नंबर लागलेला नसेल, तर एकदम तीन वर्षं वाढवून मिळतात. आय-१४० अजून मंजूर नसेल, तर पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस झालेले असावे लागतात. मग एकेक वर्ष मिळतं.

आता तुमच्या तारखा बघा. सप्टेंबर २०२७पासून ३६५ दिवस मागे या. पर्म सप्टेंबर २०२६ संपायच्या आत कामगार खात्याकडे दाखल झालेला हवा. आणि त्याआधीचं काम मोठं असतं. त्या पदाचा प्रचलित पगार खात्याकडून ठरवून घ्यावा लागतो, त्यात कित्येक महिने जातात. मग वर्तमानपत्रात दोन रविवार जाहिरात, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवस नोंद, शिवाय आणखी तीन प्रकारे प्रसिद्धी, आणि आलेले अर्ज पाहण्यासाठी थांबायचा काळ वेगळा. म्हणून हे काम याच महिन्यात सुरू व्हायला हवं. पर्मचा निकाल यायला हल्ली वर्षाहून अधिक लागतं. तेव्हा २०२७च्या सप्टेंबरपर्यंत आय-१४० हातात येईल असं धरून चालू नका. तुमची सारी मदार त्या ३६५ दिवसांवर आहे.

एचआरला तोंडी विचारू नका. "माझी सहा वर्षं अमुक तारखेला संपतात, त्याआधी ३६५ दिवस पर्म दाखल हवा, प्रचलित पगाराचा अर्ज कधी करणार?" एवढंच ईमेलमध्ये लिहा आणि उत्तर ईमेलवरच मागा. कंपनीच्या वकिलालाही त्याची प्रत पाठवा. खर्चाचंही त्यातच लिहा : पर्मच्या जाहिराती आणि वकिलाची फी कंपनीनेच भरायची, असा २००७पासून नियम आहे, नंतर पगारातून कापून घेणंही चालत नाही. आय-१४०चा खर्च मात्र कर्मचारी करू शकतो.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस सहा वर्षांत मोजत नाहीत, ते परत मागून घेता येतात. बहिणीच्या लग्नाला गेलात, वडिलांच्या ऑपरेशनला गेलात, सगळे दिवस मांडा. जाण्यायेण्याचे सोडून द्या. पासपोर्टवरचे शिक्के, आय-९४च्या (अमेरिकेत येताना मिळणाऱ्या राहण्याच्या मुदतीच्या नोंदीच्या) संकेतस्थळावरची प्रवासाची नोंद, जुनी तिकिटं एकत्र ठेवा. ओपीटीचा, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर केलेल्या नोकरीचा, काळही सहा वर्षांत येत नाही. एल-१वर, म्हणजे कंपनीने परदेशातून बदली केलेल्यांच्या व्हिसावर, आला असाल तर तो काळ येतो, हे बरेच जण विसरतात.

कंपनी बदलण्याचं म्हणाल, तर आत्ता बदलायची असेल तर नवी कंपनी पर्म कधी सुरू करणार हे ऑफर लेटरमध्ये लिहून घेतल्याशिवाय राजीनामा देऊ नका. पर्म नव्याने करावा लागेल आणि सहा वर्षांचं घड्याळ काही थांबणार नाही. माझं मत विचाराल तर आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस जाईपर्यंत थांबावं. त्यानंतर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी एक्स्टेंशनसाठी त्याचा आधार राहतो आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख, तीही तुमचीच राहते. ती डेट जपणं का महत्त्वाचं, तर नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीनकार्डं निघतात, बायकामुलंही त्यातच मोजतात, आणि एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. आपल्या लोकांना ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीच्या ग्रीनकार्डच्या वर्गांमध्ये दहा वर्षांहून अधिक थांबावं लागतं. इतक्या काळात नोकरी बदलणारच, पण नंबर मागे जाता कामा नये.

तुमच्या पत्नीसाठी : आय-१४० मंजूर झाला की एच-४वर कामाची परवानगी मागता येते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ३६५ दिवसांच्या नियमावर तुम्हाला सातवं वर्ष मिळालं, तरीही ती मागता येते. त्यांना हे आजच सांगा, म्हणजे इथल्या आर्किटेक्ट परवान्याची चौकशी सुरू करता येईल.

तारीख हुकलीच तर ३६५ दिवस पुरे होईपर्यंत देशाबाहेर राहावं लागू शकतं. सप्टेंबर २०२५च्या अध्यक्षीय आदेशाने बाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा बोजा आणला. इथे राहून केलेल्या मुदतवाढीला तो लागू नाही, असं इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. म्हणून तारीख हुकू देऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा सिअ‍ॅटलला आहे. ग्रीनकार्डची फाईल चालू आहे म्हणून नाशिकला येता येत नाही, असं म्हणतो. हे खरं का? त्याच्या आजीची तब्येत बरी नसते.
— एक आई, नाशिक

उत्तर : काकू, ग्रीनकार्डच्या फाईलमुळे एच-१बीवाल्याला प्रवासाची बंदी होत नाही. अडचण पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची असते. तिथे एक्स्टेंशन मंजूर झालं तरी जुना शिक्का संपला असेल तर परत जाण्याआधी मुंबईला किंवा दुसऱ्या वकिलातीत मुलाखत देऊन नवा घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२५पासून मुलाखतीतून मिळणारी सूट जवळजवळ बंद झाली, आणि डिसेंबरपासून समाजमाध्यमांवरच्या खात्यांची तपासणी सुरू झाल्यावर अनेकांच्या तारखा काही महिने पुढे गेल्या. भारतात अडकलो तर नोकरी जाईल, ही त्याची भीती खरी आहे. तो टाळाटाळ करतोय असं मनात आणू नका.

त्याला दोन गोष्टी विचारा : शिक्क्याची तारीख कधी संपते, आणि अडकलाच तर भारतातून काही आठवडे काम करायला कंपनी लेखी परवानगी देईल का? शिक्का चालू असेल तर त्याने निघावं. संपला असेल तर मुलाखतीची तारीख आधी, तिकीट नंतर. आजींची प्रकृती एकदम बिघडली तर लवकरच्या तारखेसाठी वकिलातीकडे विनंती करता येते, तेव्हा डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत तयार ठेवा. आणि त्याचा पासपोर्ट कधी संपतो तेही बघायला सांगा. परत जाताना विमानतळावर आय-९४ बहुधा पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच देतात, व्हिसा पुढचा असला तरी.