एक्स्टेंडेड ट्रॉट : नजर मागच्या पायांवर ठेवा

आपले दोन प्रश्न आहेत. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे, सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून आपण या प्रकाराच्या चित्रफिती पाहत आहात. घोडा पुढचे पाय उंच आणि लांब फेकतो, हीच एक्स्टेंडेड ट्रॉटची, म्हणजे लांब पावलांच्या दुडक्या चालीची, खूण समजायची का, हा पहिला प्रश्न. आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय खरोखरच एकदम टेकतात का, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ट्रॉट म्हणजे आपली दुडकी चाल. ती दोन ठोक्यांची असते : डावा पुढचा आणि उजवा मागचा पाय ही एक जोडी, उजवा पुढचा आणि डावा मागचा ही दुसरी, आणि या दोन ठोक्यांच्या मध्ये चारही पाय अधांतरी असतात. हा अधांतरी क्षण साध्या डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्यावर बराच काळ वाद चालला होता. १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिज यांनी उद्योगपती लेलँड स्टॅनफर्ड यांच्या घोड्यांची जी छायाचित्रे काढली, त्यांनी तो मिटवला. जोडीतले पाय कानाला एकदमच टेकल्यासारखे वाटतात. मात्र चित्रफीत अगदी संथ केली, तर तोल मागे घेऊन चालणाऱ्या कसलेल्या घोड्याचा मागचा पाय पुढच्याच्या निमिषभर आधी टेकताना दिसतो, आणि याला दोष मानत नाहीत. उलट पुढचा पाय आधी टेकत असेल, तर घोडा आपले वजन खांद्यांवर टाकून चालला आहे, असे बहुधा समजावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. एक्स्टेंडेड ट्रॉटमध्ये घोडा पाय घाईने उचलत नाही, तो प्रत्येक पावलात अधिक जमीन कापतो. आखडलेल्या, म्हणजे कलेक्टेड ट्रॉटमध्ये एका पायाच्या एका टेकण्यापासून त्याच पायाच्या पुढच्या टेकण्यापर्यंतचे अंतर साधारण अडीच मीटर असते, तर एक्स्टेंडेडमध्ये ते साडेतीन मीटरच्या आसपास जाते. ठोक्यांची गती मात्र जवळजवळ तीच राहते. २० बाय ६० मीटरच्या रिंगणातली तिरकी रेघ, म्हणजे कडेला, कोपऱ्यांपासून थोडे आत लावलेल्या एच अक्षरापासून एफ अक्षरापर्यंतची, ५२ मीटर भरते. जो घोडा ती पंधरा-सोळा पावलांत पार करतो आणि तरीही ज्याचा ताल शेवटपर्यंत ढळत नाही, तो घोडा मला खरा वाटतो.

हे वाढलेले अंतर मागच्या पायांच्या जोरातून येते. पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेलाच नसतो, कारण घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. खांद्याचे पाते केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. त्यामुळे पुढचा पाय मोकळेपणाने पुढे जाऊ शकतो खरा, पण अंगाला पुढे लोटण्याचे मुख्य काम पुठ्ठ्यातून आणि मांडीतून होते. मागचा पाय पोटाखाली खोल येऊन जमीन धरतो आणि रेटतो, त्याच वेळी पाठ वर येते, मान थोडी लांब होते, आणि मगच खांदा मोकळा होतो.

मी शिकत होतो तेव्हा आमचे प्रशिक्षक नुकत्याच सारखी केलेल्या वाळूवरून घोडा नेत आणि मग आम्हांला खाली उतरवून ठसे पाहायला लावत. मागच्या खुराचा ठसा त्याच बाजूच्या पुढच्या खुराच्या ठशाला ओलांडून चांगला पुढे पडलेला असे. एका घोड्याच्या चालीत टक्-टक् असा धातूचा आवाज येई : त्याचा पुढचा पाय वेळेवर उचलला जात नसे आणि मागची नाल पुढच्या नालेला लागत असे. तो आवाज ऐकू आला की प्रशिक्षक ताबडतोब पावले आखूड करायला लावत, आणि ते योग्यच होते.

चित्रफीत तपासताना पुढचा पाय पूर्ण ताणला गेला आहे अशा क्षणी ती थांबवा. पुढच्या पायाची गुडघ्याखालची नळी आणि त्याच्या जोडीतल्या मागच्या पायाची नळी, या दोन्ही साधारण समांतर दिसायला हव्यात. पुढची नळी आडवी झाली आहे आणि मागची जवळपास उभीच आहे, असे दिसले तर तो नुसता देखावा आहे, मग प्रेक्षकांनी कितीही टाळ्या वाजवोत. त्यानंतर एकेक चित्र पुढे सरकवा : खूर हवेत जिकडे रोखलेला होता, तिथेच टेकायला हवा. तो आधी पुढे झेपावून मग मागे येऊन टेकत असेल, तर घोड्याची पाठ ताठ आहे, आणि अशा घोड्याकडून अधिक लांब पावले मागणे म्हणजे त्याच्या पाठीवर अन्याय करणे होय.