छोट्या धंद्याला ऑनलाइन दुकान काढायचंय, शॉपिफाय घेऊ की वूकॉमर्स की अजून काही?

तुमचा प्रश्न असा की तुम्ही आणि बहीण मिळून हाताने शिवलेल्या बॅगा विकता, साठेक प्रकार आहेत, एका बॅगेवर गिऱ्हाइकाचं नाव भरतकाम करून देता, ऑर्डर आत्तापर्यंत मेसेजवर घेत होतात, आता ते झेपेना झालंय, त्यामुळे शॉपिफाय घ्यावं, वूकॉमर्स घ्यावं की ओळखीतला एक डेव्हलपर म्हणतोय ते मॅजेन्टो. तिन्ही ऑनलाइन दुकान उभं करायचे प्लॅटफॉर्म आहेत, शॉपिफाय महिन्याचे पैसे घेऊन तयार दुकान चालवायला देतं, बाकीची दोन साधारणपणे आपल्या सर्व्हरवर आपणच बसवायची आणि सांभाळायची. टेक्निकल काम बघणारं कोणी नाही असंही शेवटी लिहिलंय तुम्ही. तुमच्या अख्ख्या प्रश्नात सगळ्यात कामाची माहिती तीच आहे.

मी छोट्या दुकानांच्या वेबसाईट उभ्या करायचं आणि बऱ्याचदा एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर हलवायचं काम करते. त्यावरून एकच सांगेन, फीचर्सचे तक्ते बघून ठरवू नका, तक्त्यात सगळ्यांपुढे बरोबरची खूण असतेच. तुमचा स्वतःचा माल घालून बघा, आणि तोही सगळ्यात किचकट माल आधी. साधा एकरंगी पाऊच कुठेही पटकन चढतो, त्यातून काहीही कळत नाही.

ती नाव भरतकाम करून देता ती बॅग आहे ना, तीच घ्या. समजा सहा रंग, तीन साइझ, चार प्रकारचे पट्टे, म्हणजे बहात्तर जोड्या झाल्या, आतलं अस्तर दोन प्रकारचं असेल तर एकशे चव्वेचाळीस. शॉपिफायमध्ये एका प्रोडक्टला कितीतरी वर्षं १०० व्हेरियंटचीच, म्हणजे अशा जोड्यांचीच, मर्यादा होती, आता ती बरीच वाढवलीये, पण ऑप्शन, म्हणजे रंग किंवा साइझसारखे निवडायचे प्रकार, अजूनही तीनच देता येतात. म्हणजे रंग, साइझ, पट्टा झालं की अस्तरासाठी जागाच नाही, मग एकतर अस्तराप्रमाणे दोन वेगळे प्रोडक्ट करा नाहीतर त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्या, आणि चांगल्या अ‍ॅपला बहुतेक वेळा दर महिन्याचे वेगळे पैसे पडतात. वूकॉमर्समध्ये ऑप्शन कितीही घ्या, पण तिथे दुसरंच दुखणं आहे, व्हेरिएशन (तिथे जोड्यांना हेच म्हणतात) तीसच्या वर गेली की कुठली जोडी उपलब्ध नाही ते पेज आधी दाखवत नाही, गिऱ्हाईक निळा निवडतं, मोठी साइझ निवडतं, पट्टा निवडतं आणि मग त्याला कळतं की असा माल नाहीच. हे सेटिंग कोडमधून बदलता येतं, पण बदलणार कोण हा प्रश्न उरतोच.

आणि भरतकामाचं नाव हा व्हेरियंट नाहीये, ते गिऱ्हाइकाने टाइप करायचंय. त्यासाठी शॉपिफायवर थीममध्ये, म्हणजे दुकानाच्या दिसण्याच्या साच्यात, थोडा बदल किंवा अ‍ॅप लागतं, वूकॉमर्सवर प्रोडक्ट अ‍ॅड-ऑन्ससारखं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर, लागतं, तेही फुकट नाही. पण नुसती ती चौकट दिसली म्हणून खूश होऊ नका, एक खोटी ऑर्डर टाका आणि ते नाव पुढे कुठे कुठे पोचतं ते बघा. ऑर्डरच्या स्क्रीनवर दिसतंय का, तुम्हाला येणाऱ्या ईमेलमध्ये आहे का, पॅकिंग स्लिपवर छापलं जातंय का, कारण शिवायला बसणारी बहीण जर तीच स्लिप बघून काम करणार असेल आणि नाव तिथे नसेल तर तो प्लॅटफॉर्म तुमच्या उपयोगाचा नाही, बाकी कितीही चकचकीत असो.

तीच ऑर्डर मग अर्धी परत घ्या. म्हणजे डिस्काउंट कोड लावून दोन बॅगा मागवलेल्या, त्यातली एक परत आली असं धरा आणि रिफंड करून बघा, किती रक्कम दाखवतंय, स्टॉक एकाने वाढला का, गिऱ्हाइकाला मेल गेला का. वूकॉमर्समध्ये रिफंडची दोन बटणं असतात हे लक्षात ठेवा, एक गेटवेमार्फत, म्हणजे गिऱ्हाइकाचं ऑनलाइन पेमेंट घेणाऱ्या सेवेमार्फत, खरेच पैसे परत पाठवतं आणि दुसरं, मॅन्युअल वालं, फक्त ऑर्डरवर नोंद करतं, पैसे काही हलत नाहीत. तुमच्या गेटवेचं प्लगिन (साईटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) पहिल्या प्रकाराला सपोर्ट करत नसेल तर फक्त दुसरंच बटण दिसतं, आणि लोक ते दाबून रिफंड झाला असं समजून बसतात, इकडे गिऱ्हाईक पैशाची वाट बघत असतं.

आता पैशांचं. महिन्याचा प्लॅन किती एवढंच बघू नका, प्रत्येक विक्रीवर किती कापलं जातं ते बघा. शॉपिफायचं स्वतःचं शॉपिफाय पेमेंट्स वापरलं नाही, दुसरा गेटवे जोडला, तर बेसिक प्लॅनवर गेटवेच्या फीशिवाय आणखी २ टक्के ते घेतात, आणि शॉपिफाय पेमेंट्स सगळ्या देशांत उपलब्ध नाही, तेव्हा हे पहिल्या दिवशीच तपासा. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं पण ते विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. शंभरच्या विक्रीत तुम्हाला वीस सुटत असतील तर त्या वीसमधले दोन गेले, म्हणजे नफ्याचा दहावा हिस्सा. रिफंडमध्येही हेच, स्ट्राइप काय किंवा पेपाल काय, कुठलाही गेटवे घ्या, पैसे परत केले तरी मूळ व्यवहारावर कापलेली फी परत मिळत नाही, म्हणून परत येणारा माल जास्त असेल तर तो खर्च आधीच धरा.

वूकॉमर्स फुकट आहे हे खरं आहे, ओपन सोर्स आहे म्हणजे कोड सगळ्यांना खुला आहे, वेबसाईट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचं प्लगिन आहे, २०११ पासून आहे आणि २०१५ पासून ऑटोमॅटिककडे आहे, म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी तीच कंपनी. मला स्वतःला ते मनापासून आवडतं कारण डेटाबेस अख्खा तुमच्या ताब्यात असतो. पण होस्टिंग (साईट ठेवायला सर्व्हरवर भाड्याची जागा), बॅकअप, अपडेट आणि काही बिघडलं तर रात्री धावाधाव हे सगळं तुमच्याकडे येतं. एकच उदाहरण देते, साईट हळू चालते म्हणून कोणीतरी कॅशिंग प्लगिन, म्हणजे पानांची तयार प्रत साठवून तीच दाखवणारं प्लगिन, टाकायला सांगतं, ते टाकलं की पानं पळायला लागतात, पण कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही तीन पानं कॅशमधून वगळावी लागतात, नाहीतर माल टाकूनही कार्ट रिकामी दिसते किंवा भलत्याच माणसाची दिसते. असलं काही झालं तर ओळखणारं आणि त्या दिवशी फोन उचलणारं एक माणूस तुमच्याकडे हवं. ते नसेल तर वूकॉमर्सचं स्वातंत्र्य तुमच्यावर ओझं होईल.

मॅजेन्टो नकोच. वाईट आहे म्हणून नाही, तुमच्यासाठी नाही म्हणून. २०१८ पासून ते अ‍ॅडोबीकडे आहे, मोठ्या कॅटलॉगसाठी आणि हाताशी डेव्हलपर असलेल्या कंपन्यांसाठी दणकट आहे, पण सर्व्हरही तसाच दणकट मागतं आणि प्रत्येक अपडेटला माणूस लागतो. पहिल्या व्हर्जनचा सपोर्ट जून २०२० मध्ये बंद झाला तेव्हा त्यावरच्या दुकानांना अपग्रेड म्हणून जे करावं लागलं ते जवळजवळ नव्याने दुकान बांधणंच होतं. साठ बॅगांसाठी कशाला.

विक्ससारखे तयार वेबसाईट बनवून देणारे प्लॅटफॉर्म चालतील, पण भरतकामवाली बॅग त्यातही चढवून बघा आणि मगच. आणि एट्सीसारख्या मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेकांचा माल एकत्र विकला जाणाऱ्या साईटवर, दुकान असायला हरकत नाही, गर्दी तिथे आयती मिळते, फक्त सगळा धंदा तिथेच ठेवू नका कारण दर त्यांच्या हातात आहेत, एट्सीने एप्रिल २०२२ मध्ये व्यवहारावरची फी ५ वरून ६.५ टक्के केली तेव्हा विकणाऱ्यांनी संप केला होता, फी तशीच राहिली.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर, होस्टेड प्लॅटफॉर्म, म्हणजे सर्व्हर आणि अपडेट कंपनीच बघते असा, बहुतेक शॉपिफायच, अस्तराप्रमाणे प्रोडक्ट वेगळे करून. वर्डप्रेस रोज हाताळणारा कोणी भरवशाचा माणूस कायमचा मिळाला तरच वूकॉमर्स.

पण अजून एक गोष्ट आत्ताच करा, दुकान उघडायच्या आधी. सोडून जायची वेळ आली तर काय काय सोबत नेता येईल तेही ट्रायलमध्येच बघा. मोठ्या कंपनीचं आहे म्हणजे टिकेलच असं नसतं, मॅजेन्टो ईबेकडे होतं तेव्हा ईबेने त्याची छोट्या दुकानांसाठीची होस्टेड सेवा मॅजेन्टो गो फेब्रुवारी २०१५ मध्ये बंद केली, अ‍ॅमेझॉनचं तसंच वेबस्टोअर २०१६ मध्ये बंद झालं, आणि तिथल्या दुकानदारांना ठरलेल्या तारखेच्या आत सामान आवरून निघावं लागलं. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, स्वतःच्या नावावर आणि शक्यतो प्लॅटफॉर्मपासून वेगळ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, घ्या, त्या डेव्हलपरच्या अकाउंटवर तर अजिबात नको, चांगला असला तरी नको. शॉपिफायमधून प्रोडक्टची सीएसव्ही फाइल (शीटमध्ये उघडणारा साधा तक्ता) काढून उघडून बघा, फोटोच्या कॉलममध्ये फोटो नसतात, नुसत्या लिंक असतात, आणि त्या लिंक त्यांच्याच सर्व्हरवरच्या. दुकान बंद केल्यावर त्या लिंकच्या भरवशावर राहू नका. गिऱ्हाइकांची यादी निघते पण त्यांचे पासवर्ड निघत नाहीत, नव्या ठिकाणी सगळ्यांना नवा पासवर्ड करायला सांगावा लागतो. रिव्ह्यू ज्या अ‍ॅपमध्ये गोळा केलेत त्यातूनच वेगळे काढावे लागतात, म्हणून अ‍ॅप घेताना एक्स्पोर्टचं बटण आहे का ते बघूनच घ्या. पानांचे पत्तेही बदलतात, शॉपिफायमध्ये प्रत्येक प्रोडक्टच्या पत्त्यात प्रोडक्ट्स हा शब्द येतोच, तो काढता येत नाही, मग हलताना जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणारी सोय, लावावं लागतं, नाहीतर गूगलवरून येणारी माणसं बंद दारावर येऊन परत जातात.

म्हणून फोटो अपलोड करण्याआधी प्रत्येक बॅगेला एक कोड द्या, मूळ मोठ्या साइझचे फोटो त्या कोडच्या नावाने स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवा, वर्णनं आणि किमती एका शीटमध्ये लिहा, आणि प्लॅटफॉर्म कुठलाही घ्या, माल त्या शीटवरूनच चढवा. साठ बॅगांचं हे काम दोघी बसलात तर एका सुट्टीच्या दिवसात उरकेल.