पेन्सिलीनं लिहिलेलं अंडं

"मॅडम, काल जे चांगलं होतं ते आज वाईट. मग खायचं तरी काय, आणि विश्वास ठेवायचा कुणावर?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की समोरचा माणूस खुर्चीत टेकताच तो येणार हे मला कळतं. कुणी झोप लागत नाही म्हणून आलेलं असतं, कुणाचं घरात रोज जेवणावरून वाजत असतं. पंधरा मिनिटांत बोलणं ताटावर येतं. मी समुपदेशक आहे; डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण अन्नाची भीती हा माझ्या कामाचा विषय आहे आणि ती भीती हल्ली फार दिसते. म्हणून एका गृहस्थांची हकिकत सांगते, त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. ते गणित शिकवतात, म्हणून मी त्यांना सरच म्हणायचे.

सर आले ते पत्नीनं फारच धरून लावलं म्हणून. वर्षभरात अकरा किलो वजन उतरलं होतं. घरच्यांबरोबर जेवायला बसणं बंद झालं होतं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी दिलेली गोळी त्यांनी आपणहून सोडली होती. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक लांब वही काढून टेबलावर ठेवली. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले तीन रकाने: 'चालेल', 'चालणार नाही' आणि 'शंका'. 'शंका' सगळ्यांत लांब. अक्षर मोत्यासारखं, सगळं शाईनं लिहिलेलं. फक्त अंडं पेन्सिलीनं होतं. त्या जागी खोडरबर इतकं फिरलं होतं की कागद विरून मागच्या पानावरचं अक्षर दिसत होतं.

"अंडं पेन्सिलीनं का?"

"ते सारखं हलतं," सर म्हणाले.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं १९६८ मध्ये लोकांना सांगितलं की दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत कोलेस्टेरॉल खा आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त अंडी नकोत. एका बलकातच जवळपास १८५ मिलिग्रॅम असतं, तेव्हा हिशेब सरळ होता. ही ३०० ची रेघ अमेरिकेच्या सरकारी आहारसल्ल्यातून निघाली ती थेट २०१५ च्या आवृत्तीत. दुसरं प्रकरण साखरेचं. साखर उद्योगाच्या एका संस्थेनं १९६० च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन एक आढावा लिहून घेतला. हृदयरोगाचा रोख साखरेवरून चरबीकडे वळवणारा तो लेख १९६७ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, पैसे कुणी दिले याचा उल्लेख न करता. ते उघड झालं २०१६ मध्ये. सरांना हे सगळं तारखांसकट पाठ होतं.

"आता सांगा, यांचं ऐकू?"

अशा वेळी 'तुम्ही फार विचार करता' असं म्हणून विषय संपवणं सोपं असतं. मी तसं करत नाही. माणूस जे करतो त्याला त्याच्या लेखी काहीतरी अर्थ असतो, या विचारधारेत मी घडले आणि आजही तिच्यावरच काम करते. शिवाय शंका घेणाऱ्याला मूर्खात काढलं की तो शंका सोडत नाही, फक्त आपल्याला सांगणं सोडतो. म्हणून पहिल्या तीन भेटींत आम्ही वहीच वाचली. चौथ्या भेटीआधी मी त्यांना एवढंच म्हटलं, "सर, एक चौथा रकाना आखा. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, ते लिहा."

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा चेहरा लाल होता.

"मॅडम, सरकारी सल्ल्याची मी वर्षभर उलटतपासणी केली. आणि गहू सोडला तो एका माणसाची अर्ध्या तासाची चित्रफीत बघून! फळं सोडली ती दुसऱ्याचं ऐकून. तो तर स्वतःची पावडर विकतो. यांना मी एकही प्रश्न विचारला नाही."

प्रश्न विचारण्याची सवय चांगलीच. पण ती एकाच दिशेला चालत असेल, तर आपण फक्त मालक बदललेला असतो. हे माझ्या तोंडून ऐकून सरांना पटलं नसतं. स्वतःच्या अक्षरात वाचलं म्हणून पटलं.

पण मला त्या दिवशी वेगळंच काही दिसलं. पहिल्या पानावर, 'चालणार नाही'च्या रकान्यात अगदी वर लिहिलं होतं 'मार्जरीन', म्हणजे लोण्याऐवजी वापरायचं, तेल घट्ट करून केलेलं. त्याच्यासमोर कुणाचंच नाव नव्हतं. बाकी सगळी वही भरलेली.

"इथे राहिलं वाटतं?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मी गप्प राहिले. माझ्या कामात गप्प राहायला शिकायलाच मला सर्वांत जास्त वर्षं लागली.

"इथे माझं नाव यायला हवं," ते म्हणाले.

१९८८ साली त्यांच्या वडिलांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. डॉक्टरांनी लोणी बंद करून मार्जरीन सांगितलं. त्या काळी जगभर हेच सांगितलं जात होतं. आईला घर सोडता यायचं नाही, तेव्हा दर आठवड्याला डबा आणायचं काम तेरा वर्षांच्या मुलाकडे आलं. त्यानं ते चार वर्षं चुकवलं नाही. १९९२ मध्ये वडील गेले. आणि चाळिशीत, स्वतःच्या रक्ततपासणीनंतर वाचायला बसले असताना, सरांच्या हाती लागलं की द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होत होती. हे ट्रान्स फॅट रक्तातलं घातक कोलेस्टेरॉल, एलडीएल, वाढवतं आणि हितकर कोलेस्टेरॉल, एचडीएल, उतरवतं, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिलं होतं.

"१९९० मध्ये, मॅडम. त्यानंतर दोन वर्षं मी डबे आणत होतो."

म्हणजे वर्षभर चाललेला तो सगळा वाद आहाराचा नव्हताच. 'कुणावर विश्वास ठेवू' याच्या आड 'मी बाबांना विष आणून दिलं का' हा प्रश्न दबा धरून बसला होता. सर दीर्घायुष्य शोधत नव्हते. पुढे कधीही, कुणीही 'हे चुकलं होतं' असं म्हणू शकणार नाही, असं जेवण ते शोधत होते. असं जेवण नसतं, म्हणून 'चालेल'चा रकाना दर महिन्याला आक्रसत होता. त्यानंतर अशाच तक्रारी घेऊन आलेल्या कितीतरी जणांच्या बाबतीत मी हा धागा शोधला आहे आणि बहुतेकदा तो सापडला आहे. कुणाचं मूल आजारी होतं, कुणाची बहीण गेली होती. यादीच्या अगदी वरची ओळ नीट बघायची, हे मला सरांनी शिकवलं.

मी विचारलं, "तुमच्या वर्गात तेरा वर्षांची किती मुलं आहेत?"

"पस्तीस."

"त्यांतल्या एकाचे वडील आजारी आहेत. डॉक्टरांनी सांगितलेली वस्तू तो न चुकता आणतो. परदेशातल्या नियतकालिकात काय छापून आलं ते त्याला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. डब्यावरही लिहिलेलं नाही. त्याला काय म्हणाल?"

सर रडले. वही बाजूला सरकवून, चष्मा काढून रडले.

डब्यावर लिहिलेलं नव्हतं, हे मी मन राखायला म्हटलं नव्हतं. ट्रान्स फॅटवर कायद्यानं मर्यादा घालणारा पहिला देश डेन्मार्क, तोही २००३ मध्ये. अमेरिकेत पाकिटावर त्याचा आकडा छापणं सक्तीचं झालं २००६ पासून. ते जगातून हद्दपार करण्याची हाक जागतिक आरोग्य संघटनेनं दिली २०१८ मध्ये. आणि सरांचे वडील सिगारेटही ओढत, रक्तदाबही होता. एका डब्यावर एक मृत्यू टाकता येत नाही, हे गणिताच्या शिक्षकाला कळायला अवघड नव्हतं. फक्त आजवर कुणी त्यांच्याबरोबर तो हिशेब मांडायला बसलं नव्हतं.

इथून पुढचं काम संथ होतं, ते थोडक्यात सांगते. पहिली अट मी घातली ती पोटभर जेवणाची, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग झाला. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या मनाचं झालेलं. दिवसरात्र अन्नाचाच विचार, पाककृतींची पुस्तकं जमवणं, चिडचिड, माणसांतून उठून जाणं. ही माणसं प्रयोगाआधी मनानं निरोगी म्हणून निवडलेली होती. म्हणजे भुकेलं शरीरच मनाला अन्नाभोवती बांधून ठेवतं. सरांच्या वहीतली निम्मी पानं मला तरी त्या भुकेनं लिहिलेली वाटतात.

गोळीबद्दल मी स्पष्ट बोलले. खाण्यातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ मध्ये गेली ती पहिलीवरची ३०० ची रेघ. रक्तात एलडीएल वाढलं की धमन्यांना धोका असतो, हे आनुवंशिक आजारांपासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत अनेक बाजूंनी सिद्ध झालेलं आहे आणि ते कुणी मागे घेतलेलं नाही. अंड्याची सुटका झाली म्हणून गोळी सुटत नाही. कुठलंही औषध थांबवायचं असेल तर ज्यांनी दिलं त्यांना तोंडावर विचारायचं. सरांनी विचारलं, पाऊण तास विचारलं, आणि गोळी पुन्हा सुरू केली.

आणि मूळ प्रश्न, विश्वास कुणावर? मी माझ्याकडे येणाऱ्यांना आधी हे बघायला सांगते की सल्ला एका घटकाबद्दल आहे की एकूण जेवणाबद्दल. कोलांट्याउड्या दिसतात त्या बहुतेक घटकांच्या सल्ल्यांत. भाज्या, फळं, कडधान्यं, सुकामेवा आणि अख्खी धान्यं भरपूर, मीठ आणि साखर बेतानं, हा सल्ला कित्येक दशकं फारसा हललेला नाही. ब्राझीलनं तर २०१४ मध्ये आपला राष्ट्रीय आहारसल्ला घटकांचे हिशेब बाजूला ठेवूनच लिहिला. त्यात ताज्या अन्नाचं घरी केलेलं जेवण आहे, कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ टाळणं आहे, वेळेवर आणि शक्यतो सोबतीनं जेवणं आहे, जाहिरातींवर संशय घेणंही आहे. मला हा सल्ला फार जवळचा वाटतो, कारण त्यात ताटाबरोबर माणूसही दिसतो. अतिप्रक्रियेचं म्हणाल तर अमेरिकेतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत २० जणांना दोन आठवडे तसलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न, हवं तितकं खायला दिलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: तसल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. प्रयोग लहान, पण नेटका.

सल्ला बदलला म्हणून तो देणारा खोटारडा ठरत नाही, हे पचायला मात्र वेळ लागतो. स्पेनमधल्या एका मोठ्या आहार-अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये गाजले. सहभागींची विभागणी काही ठिकाणी नीट झाली नव्हती हे लक्षात आल्यावर त्याच संशोधकांनी २०१८ मध्ये तो लेख मागे घेतला, नव्यानं आकडेमोड केली आणि जपून मांडलेल्या निष्कर्षांसह पुन्हा छापला. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे खोडरबर त्यांच्याकडेही आहे." ज्याच्याकडे खोडरबर नाही आणि विकायला पावडर आहे, त्याच्यापासून मी चार हात लांब राहते.

तुमच्या घरात कुणाची यादी सतत आक्रसत असेल, वजन उतरत असेल, चारचौघांत जेवणं टळत असेल, नियम मोडला की दिवसभर अपराधी वाटत असेल, तर वाद घालत बसू नका. 'शुद्ध' खाण्याच्या या ध्यासाला स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९९७ मध्ये ऑर्थोरेक्सिया हे नाव दिलं. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, मग समुपदेशकाकडे या. आणि जमलं तर, यादीतलं पहिलं नाव कुठलं, ते प्रेमानं विचारा.

शेवटच्या काही भेटींपैकी एकीला सर आईला भेटून आले होते. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच आईजवळ त्या डब्याचा विषय काढला होता. आई म्हणाली, "अरे, त्यांना त्याची चव कधीच आवडली नाही. तू आणायचास म्हणून खायचे."

हे सांगताना सर थोडे हसले आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मीही काही बोलले नाही.

आता ते रात्री सगळ्यांबरोबर जेवतात. अंडं खातात. लेबलं अजूनही चष्मा लावून वाचतात आणि वाचावीतच. ट्रान्स फॅटची ओळ तर जरूर.